बड्या मॅचचा माणूस

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये काही वाद कधीच संपत नाहीत. एसीचं टेम्परेचर किती असावं, कटिंग चांगला की मशीनची कॉफी, आणि तिसरा म्हणजे... "अरे, तो लीगमध्ये काय वाट्टेल ते करू दे, नॉकआऊट आली की कच खातो!" हे वाक्य कुणीतरी टाकतं, समोरचा पेटतो आणि लंच अवर पाऊण तासाने वाढतो. नावं बदलतात, वाद तोच. कालपर्यंत ज्याचा फोटो डेस्कटॉपवर होता, तोच हिरो एका संध्याकाळीत 'चोकर' ठरतो.

खरंच असं असतं का हो? वर्षभर राजासारखा खेळणारा माणूस ऐन मोक्याच्या वेळी वेगळाच कुणी होतो? की आपणच हिशोब चुकीचा मांडतो?

हा प्रश्न विचारायला सगळ्यात भारी जागा म्हणजे अमेरिकेतली एनबीए. आपल्याकडे भल्या पहाटे अलार्म लावून ती बघणारी जमात आता बऱ्यापैकी वाढलीय. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तर वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स प्रत्यक्ष येऊन खेळून गेले. नवख्यांसाठी थोडक्यात फंडा असा. ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येक टीम ८२ मॅचेस खेळते. हा झाला रेग्युलर सीझन. मग १६ टीम्सचे प्लेऑफ्स. चार राऊंड्स, प्रत्येक राऊंड सात मॅचेसचा. ज्याच्या चार आधी, तो पुढे. म्हणजे चॅम्पियन व्हायचं तर १६ मॅचेस जिंकायच्या. सात महिन्यांची नोकरी आणि त्यानंतर दोन महिन्यांची परीक्षाच म्हणा ना!

पन्नासची सरासरी आणि रिकामे हात

या वादाचा आद्यपुरुष म्हणजे विल्ट चेंबरलेन. सात फूट एक इंच उंचीचा हा गडी १९६१-६२ च्या सीझनमध्ये दर मॅचला सरासरी ५०.४ पॉइंट्स करत होता. पुन्हा वाचा, सरासरी! त्याच सीझनमध्ये २ मार्च १९६२ ला त्याने न्यूयॉर्कविरुद्ध एकट्याने १०० पॉइंट्स ठोकले. हे दोन्ही विक्रम आजही कुणाच्या हाताला लागलेले नाहीत.

आणि त्या वर्षी चॅम्पियन कोण? बॉस्टन. सेमीफायनलसारख्या ईस्टच्या फायनलमध्ये बॉस्टनने विल्टच्या टीमला सातव्या मॅचमध्ये १०९-१०७ असं, म्हणजे एका बास्केटच्या फरकाने घरी पाठवलं. बॉस्टनकडे होता बिल रसेल. हा पॉइंट्सच्या बाबतीत विल्टच्या जवळपासही नाही. करिअरची सरासरी जेमतेम १५. पण १३ सीझन्समध्ये ११ चॅम्पियनशिप्स! विल्टच्या वाट्याला अख्ख्या करिअरमध्ये आल्या फक्त दोन, १९६७ आणि १९७२ मध्ये. गंमत म्हणजे ५०.४ च्या त्या सीझनला सर्वोत्तम खेळाडूचा एमव्हीपी किताबसुद्धा रसेललाच मिळाला.

आता आकडे बघा. विल्ट रेग्युलर सीझनला ३०.१, प्लेऑफ्सला २२.५. रसेल रेग्युलरला १५.१, प्लेऑफ्सला १६.२. झालं! विल्ट कच खाणारा, रसेल बड्या मॅचचा माणूस. केस क्लोज्ड.

थांबा, बॉस. इतकं सोपं नाही.

विल्टने प्लेऑफ्सच्या एकूण १६० मॅचेस खेळल्या. त्यातल्या बरोब्बर निम्म्या, म्हणजे ८०, करिअरच्या शेवटच्या पाच वर्षांतल्या, लेकर्सकडून खेळलेल्या. तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. शेवटी शेवटी तर स्कोअरिंग दुसऱ्यांकडे सोपवून बचाव आणि रिबाऊंड्स सांभाळायचा. त्याच्या शेवटच्या दोन सीझन्सची रेग्युलरमधली सरासरीच १५ च्या खाली आहे. पण रेग्युलर सीझनच्या एकूण १०४५ मॅचेसमधल्या लेकर्सकडच्या फक्त एक तृतीयांश. थोडक्यात, रेग्युलरच्या आकड्यात तरुण विल्ट जास्त आणि प्लेऑफ्सच्या आकड्यात उतरत्या वयाचा विल्ट जास्त. दोन वेगवेगळ्या माणसांची तुलना करून आपण म्हणतो, "बघ, प्रेशरमध्ये पडला!"

म्हणजे विल्टचं काहीच चुकलं नाही? तसंही नाही. ५०.४ च्या त्याच वर्षी प्लेऑफ्समध्ये तो ३५ वर आला. हा फरक वयाने समजावता येत नाही. तिथे समोर रसेल होता. कमकुवत टीम्सविरुद्ध ६०-६० पॉइंट्स करून फुगलेली सरासरी त्याच्यासमोर कशी टिकणार? हा झाला वादाचा पहिला नियम. प्लेऑफ्समध्ये ढ टीम्स नसतातच, त्या एप्रिलमध्येच सुट्टीवर गेलेल्या असतात. मग जवळजवळ सगळ्यांचेच आकडे थोडे खाली येणार. कोण घसरला हे विचारण्यात अर्थ नाही, किती घसरला हे विचारायचं.

म्हणून तर मायकल जॉर्डन हा जॉर्डन आहे. रेग्युलरला ३०.१, प्लेऑफ्सला ३३ च्या वर. कुणी खवचटपणे म्हणेल, की वॉशिंग्टनकडून खेळलेल्या शेवटच्या दोन वर्षांनी त्याची रेग्युलरची सरासरी खाली ओढली, आणि तेव्हा तो प्लेऑफ्सला पोचलाच नव्हता. बरोब्बर! म्हणून फक्त शिकागोचे आकडे धरा. ३१.५. तरीही प्लेऑफ्सचा आकडा वरच. सहा फायनल्स, सहा विजय, सहाही वेळा फायनल्सचा एमव्हीपी.

पण याच जॉर्डनचं १९८७ आठवून बघा. सीझनची सरासरी ३७.१, आणि पहिल्याच राऊंडमध्ये बॉस्टनकडून ३-० ने सफाया. त्याच्या आदल्या वर्षी बॉस्टनविरुद्धच एका मॅचमध्ये ६३ पॉइंट्स, प्लेऑफ्सचा विक्रम, आणि मॅच हरली! पुढे १९८८, ८९, ९० अशी सलग तीन वर्षं डेट्रॉइटने त्याला घरचा रस्ता दाखवला. १९९० साली कॅन्टीनमध्ये बसून "हा नुसताच स्कोअरर, जिंकवणारा नव्हे" असं म्हणणाऱ्याकडे भरपूर पुरावे होते. पुढच्याच वर्षी त्याच डेट्रॉइटचा ४-० ने फडशा पडला आणि ते पुरावे रद्दीत गेले.

बक्षीस हातात, तोंड पडलेलं

माझा लाडका किस्सा मात्र डर्क नोवित्स्कीचा. जर्मनीहून आलेला सात फुटी शूटर. २००६-०७ मध्ये त्याच्या डॅलसने ८२ पैकी ६७ मॅचेस जिंकल्या. लीगमध्ये नंबर एक. पहिल्या राऊंडला समोर आठव्या नंबरची गोल्डन स्टेट, ४२ विजय, ४० पराभव. म्हणजे वॉर्मअपच की!

डॅलस ४-२ ने हरली. सात मॅचेसच्या सिरीजमध्ये आठव्या नंबरने पहिल्याला हरवण्याची ती पहिलीच वेळ. सीझनला २४.६ ची सरासरी असलेला डर्क त्या सिरीजमध्ये १९.७ वर आला. शेवटच्या मॅचमध्ये तर १३ शॉट्सपैकी फक्त दोन आत, एकूण ८ पॉइंट्स. आणि पुढची फजिती ऐका. टीम बाहेर पडल्यावर, मे महिन्याच्या मध्यावर, त्याला त्या सीझनचा एमव्हीपी जाहीर झाला. बाकीच्या टीम्स अजून खेळतायत आणि हा कॅमेऱ्यांसमोर ट्रॉफी घेऊन उभा. वर्षभराच्या कामाचं बक्षीस इतक्या पडलेल्या चेहऱ्याने क्वचितच कुणी घेतलं असेल.

पण डर्क घाबरला म्हणून हरला का? गोल्डन स्टेटचा कोच होता डॉन नेल्सन. हा आधी डॅलसचाच कोच, डर्कला एनबीएत घडवणारा. त्याच्या सगळ्या खोडी याला पाठ! त्याने उंच डिफेंडर लावायच्या ऐवजी चपळ, बुटके, अंगाला चिकटणारे खेळाडू डर्कवर सोडले. आता हे रेग्युलर सीझनमध्ये होतं का? आज एका शहरात, उद्या दुसऱ्या, प्लॅन करायला वेळ कुणाला! प्लेऑफ्समध्ये मात्र दर एक-दोन दिवसाआड तीच टीम, तोच समोरचा, सात सात वेळा. तुमची एकच पेटंट चाल असेल तर तिसऱ्या मॅचपर्यंत ती सगळ्या जगाला कळते.

मग डर्कने काय केलं? काही आठवडे ऑस्ट्रेलियाच्या माळरानात निघून गेला. परत आला आणि कामाला लागला. २०११ मध्ये तोच डर्क, तीच डॅलस, फायनलमध्ये. समोर मायामी, म्हणजे लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश असं तगडं त्रिकूट. डर्क एक मॅच अंगात सणसणीत ताप असताना खेळला आणि जिंकला. शेवटच्या मॅचच्या पहिल्या हाफमध्ये तर बारा शॉट्सपैकी एकच आत! इतरांनी तोवर टीम सावरून धरली, दुसऱ्या हाफमध्ये तो उभा राहिला आणि डॅलस ४-२ ने चॅम्पियन. फायनल्सचा एमव्हीपी, डर्क. एका वर्षात माणसाचा स्वभाव बदलतो का? नाही. पण त्याच्या नावापुढचं लेबल मात्र एका रात्रीत बदललं.

खरंच पडला तो

आणि ते लेबल जाऊन चिकटलं समोरच्याला. सीझनला २६.७ ची सरासरी असलेला लेब्रॉन त्या फायनलमध्ये १७.८ वर आला. एका मॅचमध्ये फक्त ८ पॉइंट्स. इथे 'सॅम्पल छोटं होतं, समोरची टीम भारी होती' एवढं म्हणून सुटका होत नाही. मॅच बघणाऱ्यांना दिसत होतं, की हा माणूस बॉल मिळाल्यावर दुसऱ्याला देऊन मोकळा होतोय. तेव्हा 'दडपणाखाली कच खाणं' ही शुद्ध अफवा आहे, असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. होतं असं कधीकधी. मोठ्यातल्या मोठ्या माणसाचंही.

फरक पुढे पडतो. त्याच उन्हाळ्यात लेब्रॉन हकीम ओलाजुवॉनकडे गेला आणि बास्केटच्या जवळ, पाठमोरं राहून खेळायचे धडे घेतले. म्हणजे लीगमधला सगळ्यात मोठा स्टार क्लासला बसला! २०१२ ला चॅम्पियन, २०१३ ला पुन्हा. आणि २०१६ ला तर कहरच. समोर गोल्डन स्टेट, ८२ पैकी ७३ मॅचेस जिंकून इतिहासातला सर्वोत्तम रेग्युलर सीझन खेळलेली. त्यांचा स्टेफ करी, सगळीच्या सगळी मतं मिळवून एमव्हीपी झालेला पहिला खेळाडू. फायनलमध्ये ३-१ ची आघाडी. तिथून लेब्रॉनच्या क्लीव्हलंडने सलग तीन मॅचेस जिंकल्या. फायनलमध्ये असं त्याआधी कधीच घडलं नव्हतं.

मग करी झाला चोकर! ३०.१ वरून २२.६. त्या प्लेऑफ्सच्या पहिल्याच राऊंडमध्ये त्याचा गुडघा दुखावला होता, हे कॅन्टीनमध्ये कुणी सांगत नाही. २०२२ मध्ये तो फायनल्सचा एमव्हीपी झाला, तेव्हा कुठे ती चर्चा थांबली.

यानिस आंतेतोकुम्पोचीही तीच गत. २०१९ आणि २०२० असा लागोपाठ एमव्हीपी, दोन्ही वर्षी त्याची मिलवॉकी लीगमध्ये अव्वल आणि दोन्ही वर्षी फायनलच्या आधीच बाहेर. सुसाट धावत बास्केटवर चालून जाणं हे त्याचं हत्यार. टोरांटो आणि मायामीने रस्त्यात माणसांची भिंतच बांधली. वर त्याचे फ्री-थ्रो कच्चे. ते घ्यायला तो इतका वेळ लावायचा की २०२१ मध्ये समोरच्या टीमचे प्रेक्षक मोठ्याने आकडे मोजायचे. त्याच वर्षी, २० जुलैच्या निर्णायक मॅचमध्ये यानिसने ५० पॉइंट्स केले, १९ पैकी १७ फ्री-थ्रो आत टाकले आणि ट्रॉफी घरी नेली. तीन आठवड्यांपूर्वी ज्याचा गुडघा उलटा वळला होता, तोच हा माणूस!

आपली गल्ली

आपल्या क्रिकेटमध्ये तर परिस्थिती याहून क्रूर. बास्केटबॉलपटूला सात मॅचेस मिळतात, बॅट्समनला एक चेंडू. बोरिवलीच्या रोहित शर्माचं २०१९ चं वर्ल्ड कप आठवा. पाच सेंच्युरीज, ६४८ रन्स. मँचेस्टरच्या सेमीफायनलला १ रन. राहुल १, कोहली १. भारत १८ रन्सनी बाहेर. चार चेंडूंवरून एका माणसाची छाती मोजायची?

विराट कोहलीचं २०१६ चं आयपीएल घ्या. ९७३ रन्स, चार सेंच्युरीज. पहिल्या क्वालिफायरला आपल्या मुंबईच्या धवल कुलकर्णीने शून्यावर दांडी उडवली. फायनलला ३५ चेंडूंत ५४, तरी बंगलोर ८ रन्सनी हरली. लोकांच्या लक्षात काय राहिलं? हरला. आता उलटं बघा. २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये फायनलपर्यंतच्या सात डावांत मिळून त्याचे ७५ रन्स. फायनलला ३४ वर ३ विकेट्स गेलेल्या असताना एकट्या त्या डावात ७६, आणि मॅन ऑफ द मॅच. मग हा नेमका कोण? लीगचा राजा की बड्या मॅचचा माणूस? २०१६ चं उत्तर धरायचं की २०२४ चं?

सचिनबद्दलही वर्षानुवर्षं "फायनलला खेळत नाही" हे ऐकलं. कारण २००३ ची जोहान्सबर्गची फायनल. स्पर्धेत ६७३ रन्स आणि शेवटच्या दिवशी ४. ते दुखणं खरंच होतं. पण वन-डे स्पर्धांच्या सगळ्या फायनल्स एकत्र केल्या तर त्याची सरासरी ५४ च्या घरात जाते, एकूण वन-डे सरासरी आहे ४४.८३. एक जखम इतकी खोल होती की बाकीचा हिशोब कुणी मांडलाच नाही.

तर मंडळी, वाद घाला, पण असा

पुढच्या वेळी कॅन्टीनमध्ये कुणी 'चोकर' म्हणाला की चार प्रश्न टाका. एक, मॅचेस किती? एक-दोन असतील तर चहा प्या आणि विषय बदला. दोन, समोर कोण होतं? तीन, तुलना एकाच वयाच्या माणसाची होतेय ना, की विल्टसारखी तरुणाची आणि म्हाताऱ्याची? आणि चार, माणूस पडला की टीम हरली? ६३ पॉइंट्स करूनही जॉर्डन हरलेलाच होता.

या चाळणीतून जे उरेल, ते खरं अपयश. तिथे डोळेझाक करायची नाही. पण तिथेही गोष्ट संपत नाही. डर्क, लेब्रॉन, यानिस या तिघांच्याही बाबतीत नॉकआऊटने फक्त एक गोष्ट उघडी पाडली, ती म्हणजे पहिलं हत्यार निकामी झालं तर दुसरं जवळ नव्हतं. रेग्युलर सीझन तुम्ही किती चांगले आहात ते सांगतो. प्लेऑफ्स तुमच्यात काय कमी आहे ते सांगतात. दोन्ही रिपोर्ट कार्डं खरीच, आणि एक वाचून दुसरं फाडायचं नसतं.

आता जरा खेळाच्या बाहेर या. तुमच्याच फ्लोअरवर एखादी मुलगी असेल. अकरा महिने सगळ्यांच्या आधी येऊन, सगळ्यांची एक्सेल शीट्स दुरुस्त करून टीम ओढणारी. एका क्लायंट प्रेझेंटेशनला तिची बोबडी वळली. तेव्हापासून मीटिंगला नाव निघालं की कुणीतरी म्हणतं, "चांगलीय ती, पण प्रेशर घेत नाही." अप्रेझलच्या फॉर्ममध्ये हे वाक्य सभ्य इंग्रजीत जातं आणि पुढचं प्रेझेंटेशन तिला मिळतच नाही. डर्कला निदान चार वर्षांनी दुसरी फायनल मिळाली. तिला कोण देणार?

आणि ती मुलगी म्हणजे तुम्हीच असाल तर? मग एक सोपं काम करा. त्या दिवशी नेमकं काय अडलं ते कागदावर लिहा. आवाज फुटला नाही? आकडे तोंडपाठ नव्हते? उलटा प्रश्न आला आणि उत्तर सुचलं नाही? 'मी प्रेशरमध्ये पडते' यावर कुठलाच इलाज नाही. 'मला उलट्या प्रश्नांची तयारी कमी पडली' यावर आहे. लेब्रॉनसारखा माणूस लाज न बाळगता क्लासला बसू शकतो, तर पुढच्या रविवारी मैत्रिणीला समोर बसवून दोन तास उलटे प्रश्न विचारायला लावणं आपल्याला का जड जावं?

बॉस मंडळींनाही एक विनंती. पुढचं मोठं प्रेझेंटेशन कुणाला द्यायचं हे ठरवताना गेल्या वेळचा एक वाईट तास आठवेलच. त्याच्या शेजारी ते अकरा महिनेही ठेवा. आणि मग सिरीजची दुसरी मॅच खेळू द्या तिला.